पानं गळत नाहीत, तरी शरद येतो : संगमेश्वरच्या ऑक्टोबरची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे हेडफोन नेमके एसटीत बसल्यावर बॅगेच्या तळाशी सापडत नाहीत, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतेय. मधली 'अं... म्हणजे...' काढून टाकलीत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

तर झालं असं. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टोरांटोच्या एका सहकाऱ्याने फोटो टाकला. लालभडक मेपल, खाली केशरी पानांचा खच, वर निळं आभाळ. खाली त्याचा प्रश्न : तुमच्याकडे ऑटम कसा असतो?

मी तेव्हा संगमेश्वरला घरी होते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत मी घरूनच काम करते. खिडकीबाहेर बघितलं. आंबा हिरवा, फणस हिरवा, काजू हिरवा, आणि मी पंख्याखाली बसूनसुद्धा घामाघूम. मी टाइप केलं, "आमच्याकडे ऑटम नसतो. पावसाळा संपतो आणि ऑक्टोबर हीट सुरू होते." सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले, विषय संपला.

चार दिवसांनी आमचं कापून ठेवलेलं भात शेतात भिजलं. आणि ते त्या दिवशी कापायला लावलं होतं मीच.

म्हणजे ज्या ऋतूला मी 'आमच्याकडे नसतो' म्हणाले होते, त्यानेच मला चुकीचं ठरवलं. त्यानंतर मी जरा नीट वाचलं, बाबांना आणि आजीला विचारलं. आजचा भाग त्यावर आहे : आपल्याकडे शरद असतो का, तो दिसतो कशात, आणि तो ओळखता आला नाही तर काय होतं.

आधी बघू, तिकडे पानं का गळतात

टोरांटोत जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये जेमतेम नऊ तासांचा. म्हणजे झाडाला दिवस लहान होत चाललेला स्पष्ट कळतो. पुढे थंडी येणार, जमिनीतलं पाणी गोठणार, पातळ पानं टिकणार नाहीत. मग झाड आवराआवर सुरू करतं. पानातलं हरितद्रव्य मोडतं, त्यातला नायट्रोजन आणि बाकी उपयोगाचा माल परत फांदीत ओढून घेतं. हिरवा रंग गेला की आधीपासून खाली लपलेला पिवळा दिसायला लागतो. मेपलसारख्या झाडांत लाल रंग मात्र त्या दिवसांत नव्याने तयार होतो. शेवटी देठाशी एक थर तयार होतो आणि पान सुटतं.

आता संगमेश्वर. आपण साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, कर्कवृत्ताच्या बरेच खाली. इथे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस साधारण १३ तासांचा आणि सगळ्यात लहान ११ तासांचा. फरक दोन तासांचा. आणि पाणी गोठण्याची भीती तर नाहीच. मग आपल्या झाडांनी ऑक्टोबरमध्ये पानं का टाकावीत? उलट चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पिऊन झालेला असतो, जमीन भरलेली असते, ऊन परत आलेलं असतं. झाडासाठी हा जेवायला बसायचा काळ आहे, उठायचा नाही.

मग आपली पानगळ कधी?

फेब्रुवारी-मार्चमध्ये. पुण्याहून रात्रीच्या गाडीने येताना घाट उतरला आणि उजाडलं की बघा. साग उघडाबोडका, ऐन-किंजळाची पानं विरळ, सावरीवर एक पान नाही पण लाल फुलं लगडलेली, पांगारा तसाच. तेव्हा थंडी येत नसते, जात असते. झाडांना भीती असते ती तहानेची. कातळावरची माती पातळ, पाणी झरझर उतरून गेलेलं, आणि पुढे मेअखेरपर्यंत पाऊस नाही. पानातून तर पाणी सतत बाहेर जात असतं. म्हणून झाड नळ बंद करतं.

आपल्या जुन्या सहा ऋतूंच्या हिशोबात हे बरोबर बसतं. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. आणि पानगळ म्हटली की मराठीत शिशिरच आठवतो, शरद नाही. आपण इंग्रजी शाळेत 'ऑटम म्हणजे शरद, ऑटममध्ये पानं गळतात' असं एकत्र घोकलं, तिथे घोटाळा झाला.

गावात या पडलेल्या पानांना पातेरा म्हणतात. आमची आजी तो गोळा करायची, कारण पुढे भाजावळीला लागायचा. म्हणजे पानगळ हा आमच्याकडे फोटो काढायचा विषय नव्हता, जानेवारीनंतरचं एक काम होतं.

गंमत म्हणजे लाल पानं आपल्याकडेही असतात, फक्त उलट्या टोकाला. तिकडे मरणारं पान लाल होतं, इकडे जन्मणारं. आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते ना? कोशिंबाचं झाड तर मार्चच्या सुमाराला नव्या पालवीने लाल पेटल्यासारखं दिसतं. मेपल लाल करणारी जी रंगद्रव्यं आहेत, त्याच गटातली ही. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून आडोसा मिळतो, असं त्याचं एक कारण मानलं जातं.

ऑक्टोबर हीट येते कुठून?

रत्नागिरीच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचं कमाल तापमान साधारण २८-२९ अंशांवर असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते ३२-३३ वर जातं. जगातल्या बऱ्याच लोकांना हे सांगितलं तर पटत नाही, की आमचा नोव्हेंबर ऑगस्टपेक्षा गरम असतो.

कारणं तीन. पहिलं, पावसाळाभर सूर्य डोक्यावरच होता. ऑगस्टच्या सुरुवातीला तर दुपारी बरोब्बर माथ्यावर असतो, पण ढगांआड. ऑक्टोबरमध्ये तो थोडा दक्षिणेला कलतो, तरी चांगलाच वर असतो, आणि आता मध्ये ढग नसतात. दुसरं, जमीन ओली असते. ऊन पडलं की ते पाणी वाफ होऊन हवेत येतं, म्हणून सुरुवातीची उष्णता चिकट असते. तिसरं, वारा फिरतो. पावसाळ्यात समुद्राकडून येणारा वारा मंदावतो आणि पूर्वेकडून, घाटावरून हवा खाली उतरायला लागते. उतरताना ती दाबली जाते आणि तापते. आपण समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याकडे. त्यामुळे खाऱ्या वाऱ्याचा गारवाही उशिरा पोचतो.

पण त्याच दिवसांत रात्री बघा. आभाळ स्वच्छ, जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते, आणि पहाटे दव पडतं. दुपारी घाम आणि पहाटे दव, हे दोन्ही एकाच चोवीस तासांत. माझ्या मते हा आपल्या शरदाचा पहिला पुरावा.

आमचं सोनं खाली असतं

मी खिडकीतून झाडांकडे बघत होते, म्हणून मला काही दिसलं नाही. मान खाली घालायला हवी होती.

सड्यावर जा. सप्टेंबरपर्यंत हिरवं असलेलं गवत ऑक्टोबरच्या मध्यापासून पिवळं आणि मग सोनेरी होतं. यातलं बरंचसं गवत एका पावसाळ्यापुरतं जगतं. बी तयार झालं की त्याचं काम संपलं. जून ते ऑक्टोबर, एवढंच आयुष्य. खाली नदीवर या. जुलैत लाल गढूळ पाणी घेऊन धावणाऱ्या शास्त्री आणि सोनवी आता शांत असतात, संगमाजवळ पाणी निवळून तळ दिसायला लागतो. आणि मधल्या खाचरांत भात पिकत असतं. हिरवं, मग पोपटी, मग पिवळं. लोंब्या जड होऊन खाली झुकतात.

मेपल जे करतो तेच भाताचं रोप करतं, बरं का. खालच्या पानांतला माल काढून घेतं आणि दाण्यात भरतं. पान पिवळं पडतं ते त्यामुळे. फरक इतकाच की मेपल हा माल पुढच्या वर्षीसाठी फांदीत ठेवतो आणि भाताचा आपण जेवतो.

आश्विन पौर्णिमेला शहरात कोजागरीचं मसाला दूध असतं. आमच्याकडे तीच नवान्न पौर्णिमा. दाराला 'नवं' बांधतात : भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुर्डूचं फूल, झेंडू. हळवं भात तोवर तयार झालेलं असतं, त्याचा नवा तांदूळ शिजतो. मला लहानपणापासून हे सगळं माहीत होतं. पण टोरांटोच्या प्रश्नाला उत्तर देताना यातलं काही ऋतू म्हणून आठवलंच नाही. आपल्या डोक्यातलं ऋतूंचं चित्र कुठल्या वॉलपेपरवरून आलंय ते त्या दिवशी मला कळलं.

आता माझी चूक

भाताचे ढोबळ तीन प्रकार. हळवं पावणेचार महिन्यांच्या आसपास तयार होतं, गरवं साडेचार महिने किंवा जास्त घेतं, निमगरवं मधलं. नदीकडच्या खोल, पाणी धरणाऱ्या खाचरांत आम्ही गरवं लावतो. ते दिवाळीच्या आसपास कापायला येतं.

कापलं की लगेच घरात आणता येत नाही. कापताना दाण्यात साधारण २० ते २५ टक्के पाणी असतं, साठवायला ते १४ टक्क्यांच्या खाली यावं लागतं. म्हणून कापलेलं भात शेतातच पसरून वाळवतात, मग भारे बांधून खळ्यावर नेतात, झोडतात. म्हणजे एक दिवस कापणी, एक-दोन दिवस वाळवण. सलग तीन कोरडे दिवस हवेत.

मला शनिवार-रविवार सुट्टी होती आणि मंगळवारी रिलीज. कापायला माणसंही शनिवारी मिळत होती. बाबा म्हणाले, "वारा फिरलेला नाय अजून, बाय. थोडं थांबूया."

मी फोन दाखवला. शनिवार ३० टक्के, रविवार ३० टक्के, सोमवार ३० टक्के. "बाबा, तीसच टक्के आहे. सत्तर टक्के कोरडंच."

त्यांनी ऐकलं. मुलगी बीटेक आहे म्हणून ऐकलं, असं मला वाटतं.

रविवारी दुपारी साडेतीनला सह्याद्रीवर ढग चढले. चार वाजता विजा, मग तासभर धो धो. सोमवारी पुन्हा. खाचरात पाणी उभं राहिलं आणि पसरलेलं भात त्यात. बुधवारी आजीने एक लोंबी उचलून माझ्या हातात दिली. "मोड आले गो." दाण्यातून पांढरे कोंब बाहेर आले होते. जिथे दहा पोती होतात तिथे चार हाती लागली, पेंढा काळा पडला, गुरं तोंड लावेनात.

त्या रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "ते तीस टक्के म्हंजे नक्की काय असतं?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. आणि मला नीट सांगता आलं नाही.

तीस टक्के म्हणजे काय

आता सांगते. तीस टक्के म्हणजे 'पाऊस थोडा पडेल' असं नाही. 'तीस टक्के भागात पडेल' किंवा 'दिवसाचा तीस टक्के वेळ पडेल' असंही नाही. ज्या ज्या दिवशी असा अंदाज दिला जातो, तशा दहा दिवसांपैकी साधारण तीन दिवशी त्या ठिकाणी पाऊस पडतो. पडला तर किती, दहा मिनिटं की दोन तास, हे त्या आकड्यात नाहीच.

आणि मला एक दिवस कोरडा नको होता, सलग तीन हवे होते. हिशोब करा. एक दिवस कोरडा जायची शक्यता ०.७. दोन दिवस : ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९. तीन दिवस : ०.३४. म्हणजे ज्याला मी 'सत्तर टक्के सुरक्षित' म्हणत होते, ते ३४ टक्के होतं. (एक दिवस पाऊस आला की दुसऱ्या दिवशी यायची शक्यताही बदलते, त्यामुळे आकडा अगदी इतकाच नसेल. पण सत्तर नक्कीच नव्हता.) हे गणित मी बारावीत केलं होतं, पोटासाठी रोज करते, आणि घरच्या शेतात विसरले.

दुसरी गोष्ट, ऑक्टोबरचा पाऊस जुलैसारखा नसतो. जुलैचे ढग शेकडो किलोमीटर पसरलेले असतात. परतीच्या पावसाचा गडगडाटी ढग काही किलोमीटरचा असतो, दुपारच्या तापलेल्या जमिनीवर उभा राहतो आणि दोन-तीन तासांत संपतो. संगमेश्वरात कोसळतो आणि देवरुखात ऊन असतं. असा ढग नेमका कुणाच्या खाचरावर उभा राहील, हे तीन दिवस आधी सांगणं फार अवघड.

बाबा काय बघत होते

मग मी बाबांना विचारलं, तुम्ही कशावरून थांबा म्हणालात? त्यांनी सांगितलं ते असं. सकाळचा वारा घाटाकडून यायला हवा. पहाटे बांधावरच्या गवतावर दव हवं. दुपारी सह्याद्रीवर ढगांचे मनोरे चढायला नकोत. आणि चार-पाच दिवस सलग कोरडे जायला हवेत. त्यांच्या भाषेत, हत्ती आणि चित्रा सरली की वारा 'फिरतो'. हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. चित्रा त्यानंतरची.

आता हवामान खातं मान्सून परतला हे कसं ठरवतं ते बघा. वायव्य भारतातून माघार जाहीर करताना ते तीन गोष्टी तपासतात : सलग पाच दिवस पाऊस नाही, हवेतलं बाष्प लक्षणीय घटलंय, आणि खालच्या थरातल्या वाऱ्यांची रचना बदललीय. पाऊस, बाष्प, वारा. बाबांच्या यादीत हेच आहे, फक्त बाष्पासाठी त्यांच्याकडे उपग्रह नाही, गवतावरचं दव आणि दुपारचे ढग आहेत.

पण म्हणून 'जुनं ते सगळं बरोबर, फोन फेकून द्या' असंही मी म्हणणार नाही. कारण तारखा सरकल्यात. हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून माघारीची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. नक्षत्रांवर बसवलेला अंदाज नऊ दिवस मागे पडला तर हळवं भात नेमकं पावसात पिकतं. शिवाय अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात, एक मान्सूनच्या आधी आणि एक नंतर. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान कोकण किनाऱ्यावर आलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ किनाऱ्याला धडकलं नाही, ओमानच्या दिशेने गेलं, तरी जाताना ऐन दिवाळीत कोकणातलं कापणीचं भात भिजवून गेलं. समुद्रात चारशे किलोमीटरवर काय शिजतंय ते दवावरून कळत नाही. तिथे फोनच लागतो.

या वर्षी आम्ही काय केलं

एक, सगळं भात एकदम कापलं नाही. एका वेळी दोन खाचरं. माझ्या कामात आम्ही नवं व्हर्जन आधी थोड्या लोकांना देतो, बिघडलं तर थोडंच बिघडतं. शेतात हे सुचायला मला एक वर्ष आणि सहा पोती लागली.

दोन, आदल्या संध्याकाळी अंदाज बघायचा तो तीनही दिवसांचा मिळून. आणि समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे का, हे हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये बघायचं.

तीन, पहाटे मी स्वतः बांधावर जाते. दव आहे का, वारा कुठला. बाबा आणि फोन दोघं 'हो' म्हणाले तरच विळा बाहेर काढायचा. एकजण 'नाही' म्हणाला तर थांबायचं, सुट्टी असो वा नसो.

चार, कापलेलं भात सखल खाचरात पसरायचं नाही. उंचवट्यावर आणायचं, आणि ताडपत्री घरात नाही, शेतात ठेवायची.

पाच, हे सगळ्यांसाठी : ऑक्टोबरच्या विजा गंमत नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अ‍ॅप फोनवर ठेवा, ते जवळपासच्या विजांचा इशारा देतं. गडगडाट ऐकू आला की काम सोडून पक्क्या घरात. झाडाखाली तर नाहीच.

गरव्याची शेवटची दोन खाचरं अजून उभी आहेत. काल पहाटे दव होतं, पण वारा धड ठरत नव्हता. म्हणून आज कापणी नाही, म्हणून हा भाग रेकॉर्ड करायला वेळ मिळाला.

टोरांटोवरून या वर्षीही मेपलचा फोटो आलाय. मी उत्तरात आमच्या दाराला बांधलेल्या नव्याचा फोटो पाठवला आणि लिहिलं : आमच्याकडचा ऑटम. याची पानं बघायची नसतात, दाणे वाळवायचे असतात. त्याने विचारलंय, वाळवायचे म्हणजे नक्की काय? त्याला हा भाग पाठवावा म्हणते, पण आधी मराठी शिकवायला लागेल.

तुमच्याकडे शरद कशात दिसतो? लातूरला सोयाबीन काढताना, सोलापुरात ज्वारी पेरताना, नाहीतर ठाण्याच्या गॅलरीत? एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा, निवडक पुढच्या भागात ऐकवू. आणि शेतात कुणाचं भात असेल तर हा भाग त्यांना आज पाठवा, पुढच्या आठवड्यात नको.

भेटू. काळजी घ्या, पाणी पीत राहा, ऊन खरंच आहे.